सेरामपूरची आग आणि सेहेचाळिसावे स्तोत्र

मराठी ग्रंथमुद्रणाच्या इतिहासातील आरंभीची काही महत्त्वाची पाने महाराष्ट्राबाहेर छापली गेली, ही गोष्ट परप्रांतात संसार थाटून बसलेल्या आपणां मराठी माणसांना नेहमीच थोडी सुखावून जाते. गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी मराठीचे व्याकरण, मराठी कोश आणि मराठी गद्याची पुस्तके पाठोपाठ छापून निघू लागली ती बंगालात, सेरामपूर येथे. (काही जुने लेखक या गावाला श्रीरामपूर म्हणतात आणि ते शुद्धही आहे, परंतु नगर जिल्ह्यातील श्रीरामपुराशी त्याचा संबंध नाही.) कलकत्त्याच्या उत्तरेस सुमारे पंधरा मैलांवर, हुगळीच्या पश्चिम तीरावरील हे गाव त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. मराठी मुलूख तेथून हजार मैलांवर, छापणारा नॉर्दम्प्टनशायरचा एकेकाळचा चांभार, आणि खिळे पाडणारे बंगाली कारागीर. असा हा योग होता.

या छापखान्याला ११ मार्च १८१२ रोजी आग लागली. तिच्यात काय जळाले आणि काय वाचले याची नोंद मुद्रणाच्या इतिहासकारांनी केलेली आहे. मला येथे थोडे निराळे सांगावयाचे आहे. आगीनंतरच्या रविवारी विल्यम कॅरीने आपल्या लोकांसमोर बायबलमधील सेहेचाळिसाव्या स्तोत्रातील एका वचनावर प्रवचन केले. संकटात सापडलेला माणूस धर्मग्रंथ उघडतो तेव्हा त्याला तेथे नेमके काय सापडते? निव्वळ मनाची समजूत, की दुसरे काही? हा प्रश्न श्रद्धावंतांनी आणि अश्रद्धांनी इतक्या वेळा ठोकळेबाज उत्तरांनी निकालात काढला आहे की, एकाच माणसाच्या बाबतीत कागदपत्रांच्या आधाराने तो तपासून पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. कॅरीच्या बाबतीत तसे करणे शक्य आहे, कारण त्याने दैनंदिनी लिहिली, पत्रे लिहिली आणि आपले दुःख फारसे झाकून ठेवले नाही.

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी पॉलर्सपरी या खेड्यात झाला. बाप विणकर, पुढे गावचा शाळामास्तर. मुलगा जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवार म्हणून राहिला आणि आरी चालवता चालवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. १७८१ मध्ये त्याने डोरोथी प्लॅकेट हिच्याशी लग्न केले. डोरोथी त्याच्याहून पाचसहा वर्षांनी वडील होती आणि विवाहाच्या नोंदवहीत तिला आपली सहीही करता आली नव्हती. कॅरी बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला. ऑक्टोबर १७९२ मध्ये केटरिंग येथे एका विधवेच्या घरी जमलेल्या मूठभर उपदेशकांनी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सांच्या वर्गणीवर मिशनरी मंडळी स्थापन केली, आणि पुढल्या वर्षी कॅरी हिंदुस्थानास निघाला. डोरोथीची यावयाची मुळीच इच्छा नव्हती. तिने प्रथम साफ नकार दिला. पुढे महिना-दीड महिन्याचे बाळ मांडीवर असताना, धाकटी बहीण किटी सोबत येणार असेल तरच, असे म्हणून तिने होकार दिला. तो होकार तिच्याकडून काढून घेण्यात आला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून ही मंडळी निघाली आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास पोहोचली.

पहिल्या दोन वर्षांचा वृत्तांत वाचताना मन विषण्ण होते. बरोबर आणलेले पैसे सहकारी डॉक्टर थॉमसच्या बेहिशेबी वागण्याने पाहता पाहता संपले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, त्यामुळे उघडपणे राहण्याचीही सोय नव्हती. कलकत्त्याच्या वेशीवरील एका भिकार घरात, पुढे सुंदरबनात, आणि अखेर उत्तर बंगालात मालदा भागातील मुदनाबाटी येथे नीळ पिकवण्याच्या कारखान्यावर व्यवस्थापक म्हणून, असा हा संसार फरफटत गेला. किटी सुंदरबनातच एका इंग्रज गृहस्थाशी विवाह करून मागे राहिली, आणि डोरोथीचा मायदेशाशी असलेला शेवटचा जिवंत धागा तुटला. इंग्लंडहून एक पत्र येण्यास वर्षावर काळ लागला. १७९४ च्या पावसाळ्यानंतर पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला. त्याची कबर खणावयास माणसे मोठ्या मुश्किलीने मिळाली. जातीबाहेर पडण्याच्या भीतीने प्रेत उचलण्यास तर कोणी धजेना.

डोरोथीचे मन या आघातातून सावरले नाही. आपला नवरा व्यभिचारी आहे, असा भ्रम तिला जडला. ती रस्त्यात त्याच्या मागे जाऊन ओरडे, त्याच्या जिवावर उठे. तिला खोलीत कोंडून ठेवण्याची वेळ आली, आणि ८ डिसेंबर १८०७ रोजी मृत्यूने सुटका करीपर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षे, ती या ना त्या प्रमाणात त्याच अवस्थेत राहिली. पुढे सेरामपुरात शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चालू असताना कॅरी भाषांतराची मुद्रिते तपासत बसे, असे त्याच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. कॅरीचे चरित्रकार हे वाक्य त्याच्या धैर्याचा दाखला म्हणून देतात. मी ते वाचतो तेव्हा मला दोन्ही खोल्या दिसतात.

मुदनाबाटीच्या काळातील त्याची दैनंदिनी १७९५ पर्यंतचीच आहे, परंतु आपल्या प्रश्नासाठी तीच सर्वांत मोलाची. तिच्यात विजयाची भाषा जवळजवळ नाही. एक दिवस मन मरगळलेले, दुसऱ्या दिवशी किंचित उभारी, तिसऱ्या दिवशी पुन्हा काळोख. प्रार्थना करावीशी वाटत नाही याची खंत, बंगाली नीट येत नाही याची लाज, मित्र नाही याची तहान, हे सगळे तो लिहितो. अमेरिकेतील रेड इंडियनांमध्ये काम करून तरुणपणीच क्षयाने वारलेल्या डेव्हिड ब्रेनर्डचे चरित्र तो वाचतो आणि त्याच्यापुढे आपण किती कोते आहोत याने अधिकच खचतो. मग केव्हा तरी एखाद्या संध्याकाळी एकट्याने शेतातून फिरताना, आपण एकटे असलो तरी ज्याच्यापाशी जावयाचे तो पुरेसा आहे, अशा अर्थाची नोंद येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मळभ. धर्मग्रंथातून मिळणारा धीर हा औषधाच्या मात्रेसारखा घेताक्षणी लागू पडतो, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी ही दैनंदिनी अवश्य वाचावी.

पण अशा माणसाला बायबलमध्ये मिळण्यासारखे होते तरी काय? बायबल म्हणजे आश्वासनांचे भांडार अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि मिशनऱ्यांनी वाटलेल्या पुस्तिकांनी ती दृढ केली. वस्तुतः त्यातील स्तोत्रसंहिता उघडावी. १५० स्तोत्रांतील फार मोठा भाग विलापाचा आहे. देव झोपला आहे काय, त्याने तोंड का फिरवले, शत्रू किती दिवस हसणार, असे प्रश्न तेथे देवाच्या तोंडावर विचारलेले आहेत. आपल्या संतांनी विठ्ठलाशी मांडलेल्या भांडणाची ज्याला सवय आहे त्या मराठी वाचकाला हा सूर मुळीच परका वाटणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू गेथशेमानेच्या बागेत दुःखाने व्याकूळ होतो, हा प्याला टळला तर बरे असे म्हणतो, मित्रांना जागे राहण्याची विनवणी करतो, आणि मित्र झोपी जातात. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याच्या तोंडी येते ते बाविसाव्या स्तोत्राचे आरंभीचे वचन, देवाने आपल्याला का टाकले असे विचारणारे. म्हणजे ज्याच्याकडे लोक धीर मागावयास जातात तो स्वतः आपल्या कठीण घटकेस धर्मग्रंथाकडेच गेला होता, आणि तेथून त्याने उचलला तो प्रश्न होता, उत्तर नव्हे. माझ्या समजुतीने दुःखी माणसाला येशूचे जे आकर्षण वाटत आले आहे त्याचे मूळ येथे आहे. हा देव दुःखाच्या पलीकडच्या काठावर उभा राहून हाका मारणारा नाही.

याच मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर सेरामपुराहून १८०५ मध्ये निघाले. ही हकिकत थोडी मागून सांगावयास हवी. जानेवारी १८०० मध्ये कॅरी मुदनाबाटी सोडून डॅनिश सेरामपुरास आला, कारण तेथे कंपनीचा हात पोहोचत नव्हता. जॉशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा मुद्रक त्याला येऊन मिळाले. तिघांनी एकत्र कुटुंब मांडले. मिळकत सामाईक, खर्च सामाईक. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीला प्रथम पाचशे व नंतर हजार रुपये दरमहा मिळू लागले, तेही त्याने सामाईक खजिन्यातच घातले. पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांनी एकामागून एक लिप्यांचे ठसे कोरले. वर्षअखेरीस, २८ डिसेंबर १८०० रोजी, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला. कॅरीने सात वर्षे ज्याची वाट पाहिली तो हा दिवस. त्याच दिवशी आवाराच्या एका अंगास डोरोथी कोंडलेली होती आणि दुसऱ्या अंगास आनंदातिरेकाने वेडा झालेला डॉक्टर थॉमस. नदीकाठी भजने चालली होती आणि दोन्ही बाजूंनी किंकाळ्या येत होत्या. इतिहासाला कधी कधी प्रमाणाचे भान राहत नाही. एखाद्या कादंबरीकाराने हा प्रसंग रचला असता तर आपण त्याला भडकपणाचा दोष दिला असता.

फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागला. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्याने मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मोडी लिपीत छापलेला मराठी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध केला. १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. हे मराठी आजच्या कानाला ओबडधोबड लागते, आणि त्या काळच्या पुणेकरालाही गोड लागले नसते. तथापि ज्या भाषेला अद्याप छापील गद्य जवळजवळ नव्हते तिच्यासाठी परमुलखात बसून हे केले गेले, एवढे मान्य केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आता त्या बुधवारची गोष्ट. कॅरी कॉलेजच्या कामासाठी कलकत्त्यास होता. सेरामपुरात दिवसाचे काम संपून जुळारी, मुद्रक, पंडित घरी गेले होते. दोनशे फूट लांबीच्या त्या दालनाच्या एका टोकाला वॉर्ड हिशेब पाहत बसला होता. धुराचा वास आला म्हणून तो दालनाच्या दुसऱ्या टोकास धावला, तो कागदाच्या घडवंच्या पेटलेल्या. वॉर्ड डोके शांत ठेवणारा माणूस होता. त्याने सारी दारे-खिडक्या बंद करून घेतल्या, म्हणजे वारा न मिळाल्याने आग कोंडून राहील, आणि छपराला भोक पाडून वरून पाणी ओतण्यास सुरुवात केली. हा उपाय काही तास चालला आणि आग आटोक्यात येत चालली. तेवढ्यात कोणीतरी चांगल्या हेतूनेच, मदत करावी म्हणून, एक खिडकी उघडली. वारा आत शिरला आणि एका क्षणात दालन या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटले. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. हवा इतकी स्तब्ध होती की, ज्वाळा मेणबत्तीसारखी सरळ आकाशात उभी राहिली. त्यामुळे आजूबाजूच्या घरांना झळ लागली नाही. प्राणहानीही झाली नाही.

वित्तहानी सुमारे दहा हजार पौंडांची धरली गेली. चौदा पौर्वात्य लिप्यांचे खिळे वितळले. इंग्लंडहून आलेला कागदाचा मोठा साठा गेला. पण कागद आणि शिसे पुन्हा विकत मिळते. हस्तलिखिते मिळत नाहीत. रामायणाच्या इंग्रजी भाषांतराचे काम, पंजाबी व तेलुगू व्याकरणांची हस्तलिखिते, छापावयास दिलेल्या अनेक भाषांतरांचे भाग, आणि या सर्वांवर कळस म्हणजे संस्कृत व तिच्या कुळातील भाषांचा एक बहुभाषिक कोश, ज्यावर कॅरीने आपल्या विद्वत्तेचा सारा भार टाकला होता, ते सर्व त्या रात्री राख झाले. आमच्यासारख्या कचेरीत फायली सांभाळून पोट भरणाऱ्यांना एक कागद हरवला तरी झोप येत नाही. बारा वर्षांचे टाचण एका रात्रीत जाणे म्हणजे काय, हे समजण्यास आम्हांला विद्वान असण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमनने कलकत्त्यास जाऊन कॅरीला बातमी सांगितली. बराच वेळ त्याला शब्दच सुचले नाहीत. संध्याकाळी तो धुमसणाऱ्या ढिगाऱ्यांतून हिंडला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होते. वॉर्ड तोवर स्वस्थ बसला नव्हता. राखेत हात घालून तो काय वाचले हे शोधत होता. छापण्याची यंत्रे बाजूच्या खोलीत होती, ती वाचली. कित्येक टन धातूचा गोळा झालेला सापडला. आणि ज्यांवरून खिळ्यांचे साचे पाडतात ते पोलादी ठसे राखेखाली बहुतेक शाबूत निघाले. पंचाननाने आणि मनोहराने वर्षानुवर्षे डोळे फोडून कोरलेले ते ठसे गेले असते तर पुन्हा दहा वर्षे मागे जावे लागले असते.

रविवारी कॅरीने निवडलेले वचन सेहेचाळिसाव्या स्तोत्रातील दहावे. मानवाने शांत व्हावे आणि ईश्वर तो ईश्वर आहे हे ओळखावे, असा त्याचा आशय आहे. प्रवचनाचे दोन मुद्दे नमूद आहेत: आपल्या बाबतीत वाटेल ते करण्याचा देवाला अधिकार आहे, आणि त्या इच्छेस मान तुकवणे हे आपले कर्तव्य आहे. एवढेच वाचले तर वाटते की, ही तर नुसती शरणागती. ठेविले अनंते तैसेचि राहण्याचा उपदेश, जो आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. म्हणून स्तोत्र मुळातून पाहिले पाहिजे. त्यात पृथ्वी हलते, पर्वत समुद्रात ढासळतात, राष्ट्रे खवळतात. मग देव धनुष्ये मोडतो, भाले तोडतो, रथ अग्नीत जाळून टाकतो, आणि त्यानंतर हे वचन येते. संदर्भाने पाहता ते थकल्याभागल्याच्या कानात हळूच सांगितलेले सांत्वन नसून, लढणाऱ्यांना दिलेला दरडावणीचा हुकूम आहे. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थही हात सैल सोडा, पुरे करा, असा होतो. कॅरीला हिब्रू येत होते. त्याने हे वचन आपल्या शत्रूंवर किंवा नशिबावर न लावता स्वतःवर लावले. हात सैल सोडावयाचे ते आपण, कारण हे काम माझे आहे, माझ्या विद्वत्तेने उभे राहिले आहे, असे आपल्यालाच वाटू लागले होते. आगीनंतरच्या पत्रांत हा कबुलीचा सूर स्पष्ट आहे. (याच स्तोत्रावरून मार्टिन ल्यूथरने आपले सर्वांत प्रसिद्ध भजन रचले, पण तेथे त्याने घेतला तो दुर्गासारख्या देवाचा आरंभीचा भाग. एकाच स्तोत्रातून दोघांनी दोन निराळ्या गोष्टी घेतल्या.)

मराठी वाचकाला येथे तुकोबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या, तेरा दिवसांचे निर्वाण आणि कोरड्या तरंगून आलेले अभंग ही परंपरागत कथा आपल्या रक्तात भिनलेली आहे. सेरामपुरात मात्र काहीच तरंगून आले नाही. जे जळाले ते जळालेच. परंतु अभंग वर येण्यापूर्वीच्या तेरा दिवसांत तुकोबांनी जे सोसले त्याचे या रविवारशी काही नाते असावे, एवढेच मला सुचवावयाचे आहे. चमत्कार वजा केला तरी ते तेरा दिवस शिल्लक राहतात.

आणि हात सैल सोडण्याचा अर्थ हातावर हात ठेवून बसणे असा कॅरीने केला नाही, याला त्याच आठवड्याचा पुरावा आहे. जवळच नुकतेच रिकामे झालेले एक मोठे गोदाम होते. तेथे ओतारी बसवले. वितळलेला धातू पुन्हा मुशीत गेला आणि पाळ्या लावून रात्रंदिवस खिळे पाडण्याचे काम सुरू झाले. पंडितांना जळलेली भाषांतरे पुन्हा पहिल्या अध्यायापासून लिहावयास बसवले. एकदा चाललेला रस्ता दुसऱ्या खेपेस सोपा जातो, असे कॅरीने लिहिले, आणि वर्ष संपण्यापूर्वी बहुतेक लिप्यांत पुन्हा छपाई होऊ लागली. सप्टेंबरात इंग्लंडला बातमी पोहोचली तेव्हा तेथील लोकांनी सुमारे दोन महिन्यांत सारी रक्कम जमवून दिली, इतकी की, मिशनचा चिटणीस अँड्र्यू फुलर याला आता पुरे असे सांगावे लागले. आगीपूर्वी ज्याचे नाव मूठभर लोकांना ठाऊक होते तो कॅरी आगीमुळे देशभर प्रसिद्ध झाला. फुलरला याचीच काळजी वाटली. लोकांची स्तुती ही आगीहून अवघड परीक्षा ठरेल, अशा आशयाचा इशारा त्याने सेरामपूरकरांना पाठवला. फुलर मला या साऱ्या मंडळींत सर्वांत शहाणा वाटत आला आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये, ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांची वंशावळी त्यानंतर लवकरच या छापखान्यातून निघाली. म्हणजे ही पुस्तके आगीनंतरची होत. बहुभाषिक कोश मात्र पुन्हा झाला नाही. बायबलच्या भाषांतरांपैकी अनेक पुढे निरुपयोगी ठरली. मराठी बायबलचे काम मुंबईकडील मिशनऱ्यांनी नव्याने केले, आणि सेरामपूरची मराठी प्रत कपाटात गेली. दैवी साहाय्याची भाषा बोलणाऱ्यांनी ही बाजूही नोंदवावी. धीर मिळाला म्हणून काम उत्तम होतेच असे नाही.

शिवाय तोच ग्रंथ हाती असून सर्वांना धीर मिळतो, असेही नाही. कॅरीचा थोरला मुलगा फेलिक्स याचे उदाहरण या संदर्भात विसरता येत नाही. कृष्ण पालाबरोबर त्याच दिवशी बाप्तिस्मा घेतलेला हा मुलगा १८०७ मध्ये ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला. १८१४ मध्ये इरावती नदीत त्याची नाव उलटली. बायको आणि मुले बुडाली, बरोबर चाललेला छापखानाही गेला. बापाच्या आगीनंतर दोनच वर्षांनी मुलावर हे पाणी आले. फेलिक्सने मिशन सोडले, ब्रह्मी राजाचा वकील म्हणून भपक्याने कलकत्त्यात मिरवला, कर्जबाजारी झाला, पूर्वेकडील रानात कित्येक दिवस भटकला. मिशनऱ्याचा आकसून वकील झाला, असे बापाने त्याच्याविषयी खेदाने म्हटले होते. १८१८ मध्ये तो सेरामपुरास परतला आणि बंगालीत शरीरशास्त्रावर ग्रंथ लिहिला, जो त्या भाषेतील विज्ञानलेखनाचा आरंभ समजला जातो. १८२२ मध्ये तो वारला. बापलेकांचा ग्रंथ एक, पंथ एक, घर एक. एकाला राखेतून उठता आले आणि दुसऱ्याला पाण्यातून वर येण्यास चार वर्षे लागली, याचे स्पष्टीकरण श्रद्धेच्या कमीजास्तपणाने देणारे लोक आहेत. बायको-मुले डोळ्यांदेखत बुडणे आणि कोश जळणे या दोन गोष्टींना एकाच तराजूत घालण्याचे धाडस मला तरी होत नाही.

आणि डोरोथी? ती वाचावयास शिकली असावी की नाही हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तिच्यासाठी मुदनाबाटीत कोणते वचन होते? पतीला जे स्तोत्र संध्याकाळच्या शेतात आठवे ते तिला आठवत नसेल असे नाही. परंतु त्याने स्वतः निवडलेल्या संकटात त्याला धीर मिळाला. तिच्यावर लादलेल्या संकटात तिला मिळाला नाही. जुन्या चरित्रकारांनी तिला कॅरीच्या वाटेतील धोंड ठरवले. अलीकडच्या अभ्यासकांनी तिची बाजू सहानुभूतीने मांडली आहे आणि ते योग्यच झाले. कॅरीच्या बाजूने सांगण्यासारखे इतकेच की, अशा रुग्णांना वेड्यांच्या इस्पितळात टाकण्याचा त्या वेळी सर्रास मार्ग होता, आणि मित्र सुचवीत असतानाही त्याने तिला घरातून हलवले नाही.

ऑक्टोबर १८२३ मध्ये कलकत्त्याहून प्रवचन करून रात्री परतताना नावेतून उतरताना कॅरी पडला. मांडीला जबर दुखापत झाली, ज्वर चढला, आणि त्याच सुमारास दामोदर नदीच्या पुराने त्याची आवडती बाग बुडवली. तो वाचेल असे कोणाला वाटत नव्हते. बिछान्याशी बसलेल्या कोणी त्याला विचारले की, अंत्यविधीच्या प्रवचनासाठी कोणते वचन घ्यावे. आपल्यासारख्या पापी माणसाविषयी काही बोलले जावे याची त्याला इच्छा नव्हती; पण बोलावयाचेच असेल तर एक्कावन्नाव्या स्तोत्राची पहिली दोन वचने घ्यावीत, असे त्याने सांगितले. ते स्तोत्र धीराचे नाही. उरीयाच्या घराचा नाश केल्यानंतर दावीद राजाने क्षमा मागण्यासाठी म्हटलेले म्हणून ते प्रसिद्ध आहे. कॅरी त्या दुखण्यातून उठला आणि आणखी जवळजवळ अकरा वर्षे, ९ जून १८३४ पर्यंत, मुद्रिते तपासत राहिला.